पिठल्याचा हिशेब

घरात भाजी नाही, दारात पाहुणा आलाय आणि हाताशी वेळ नाही, अशा वेळी काय करावं हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. पिठलं टाकायचं. वाटीभर बेसन, तीन-साडेतीन वाट्या पाणी, कांदा, लसूण, हिरवी मिरची, मोहरी-जिऱ्याची फोडणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतलं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. उकळी फुटली की झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मंद जाळावर शिजू द्यायचं, नाहीतर कच्चट लागतं आणि रात्रभर पोट गुडगुडतं. तोवर शेजारच्या तव्यावर भाकरी फुगलेली असते. अर्ध्या-पाऊण तासात पाच माणसांचं जेवण तयार. इतकं स्वस्त आणि इतकं झटपट दुसरं काही नाही, असं आम्ही सगळेच म्हणतो. मीही म्हणतो. पण हे म्हणताना आपण हिशेबातली एक ओळ रिकामी सोडतो, असं मला गेली काही वर्षं वाटत आलंय. त्या ओळीबद्दल लिहायचं आहे.

माझी पुतणी पुण्यात असते. दोघंही नवरा-बायको नोकरीला, पोरगी पहिलीत. एकदा तिचा फोन आला, "तात्या, लवकर होणारं अन् स्वस्तातलं काय काय करता येतं ते सांगा. रोज बाहेरून मागवणं परवडत नाही." मी तिला सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली. मुगाची खिचडी. वरणफळं, म्हणजे कणकेच्या चकत्या उकळत्या वरणात सोडायच्या. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. येसराची आमटी. यातली पहिली तीन एकाच भांड्यात होतात आणि वर भाकरी लागत नाही, हे त्यांचं खरं मोल. दिवसभर वाकून खुरपून आलेल्या बाईच्या दंडात भाकरी थापायचं बळ उरत नाही. शेंगोळे कुणी शोधले ते कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण तिचे दंड दुखत असणार एवढं नक्की. पुतणीनं सगळं उतरवून घेतलं आणि शेवटी हसून म्हणाली, "तात्या, सगळं सोपंय हो. पण पिठल्याबरोबरची भाकरी कुणी थापायची?"

तिनं चेष्टेत विचारलं. मला मात्र तो प्रश्न फार जुना वाटला.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. माय आणि आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर जायचे. माय खडी फोडायची. घरी धाकट्या दोन बहिणी, त्यातली एक रांगती. कामावर सुकडी मिळायची, ती माय पदरात बांधून आणायची. रेशनला लाल मिलो यायची. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापायला घेतली की कडेनं फाटायची. आधणाचं पाणी ओतून पीठ मळलं तरच जरा धरायची. हे मला मायनं शिकवलं ते हौसेनं नाही. दिवस मावळता ती परत यायची तेव्हा तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. चिंध्या बांधलेल्या हातानं भाकरी थापता येत नाही. म्हणून मी थापू लागलो. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, मीठ-मिरची टाकून माडगं करायचं आणि त्यात मिलोची भाकरी चुरायची. गल्लीतली पोरं मला 'चुलीम्होरचा' म्हणून चिडवायची. माझी आजी, म्हणजे आबांची आई, तीही म्हणायची, "पोराच्या जातीला हे शोभत न्हाई." आजी आजारी होती आणि माझ्याच हातचं खात होती, पण शोभत नाही ते नाहीच. दुष्काळ गेला, माय घरी आली आणि चूल आपोआप तिच्याकडं परत गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही.

त्या 'आपोआप' शब्दावर माझा तेव्हापासून राग आहे. शेतात आपोआप काही होत नाही, एक तण सोडलं तर.

आमच्या गावची निम्मी माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी दोघांची मिळून एक धरलेली. आता वेळ नसलेलं कुटुंब कुणाला म्हणायचं असेल तर यांना म्हणावं. गाडी भरायची वेळ रात्री-अपरात्री, फडात उजाडायच्या आत पोचायचं. त्यासाठी कोपीतली बाई तीनला उठते. अंधारात चूल पेटवते, दिवसभराच्या भाकऱ्या थापते, कोरडा झुणका परतते, पोराला पाजते आणि मग नवऱ्याच्या बरोबरीनं फडात उतरते. संध्याकाळी परत चूल. कोयता एक धरला, पण पहाटेचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास कोणत्या कोयत्यात धरले? मुकादमाच्या वहीत ते नाहीत आणि नवऱ्याच्या मनातही नाहीत. ते नसते तर मात्र एक टनही ऊस तुटला नसता.

आता पैशाचा हिशेब मांडतो. आमच्या घरी पाच जणांच्या पिठलं-भाकरीला पाव किलो बेसन लागतं, त्याचे पंचवीस धरा. तेल, कांदा, मिरची, लसूण मिळून वीस. ज्वारी सव्वा किलो, घरची असली तरी बाजारभावानं पन्नास. एकूण ९५ रुपये, म्हणजे माणशी १९. जळण तुऱ्हाट्यांचं, ते सोडून दिलं. २०२० साली सरकारनं शिवभोजन थाळी सुरू केली, दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. पण सरकारनं एका थाळीची किंमत शहरात ५० आणि खेड्यात ३५ रुपये धरली आणि वरचे पैसे केंद्र चालवणाऱ्याला दिले. थाळी आणि पिठलं एकच नाही, हे मला कळतं. तरीही आमचं १९ मध्ये होतं आणि त्यांचं ३५ मध्ये, हा फरक कशाचा? त्यात भाडं आलं, गॅस आला, चालकाचा नफा आला. आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईची मजुरीही आली. तीच बाई घरी जाऊन पोळ्या लाटते तेव्हा तिची मजुरी शून्य होते आणि जेवण स्वस्त होतं.

आम्ही ऐन तरुणपणी शरद जोशींची भाषणं ऐकायला जात होतो. भीक नको, घामाचे दाम हवे, ही घोषणा देऊन घसा बसायचा. उत्पादन खर्चावर आधारित भाव मागताना आमचं म्हणणं काय होतं? शेतकऱ्याच्या घरची माणसं रानात राबतात त्याची मजुरी खर्चात धरा, ती फुकट समजू नका. आज हमीभाव काढताना घरच्यांच्या राबण्याची मजुरी धरतातही. ती पुरेशी धरतात का, हे भांडण वेगळं. २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली तेव्हा शहरात केवढा ओरडा झाला. पुढच्या हंगामात तूर अशी आली की ५,०५० चा सरकारी भाव असून खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, आणि बाहेर व्यापारी मागेल त्या भावाला. मी स्वतः सहा दिवस रांगेत झोपलो. तेव्हा मनात यायचं, या देशाला स्वस्त वरण हवंय, पण ते कुणाच्या अंगावर स्वस्त होतंय ते बघायचं नाही. आणि त्या सहा दिवसांत माझा डबा रोज घरून यायचा. तोही कुणाच्या तरी अंगावर स्वस्त होता.

१९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. आमच्या भागातूनही बाया गेल्या होत्या. परत आल्यावर आमची मंडळी शेजारणीला सांगत होती ते मी ओसरीवरून ऐकलं, "जे सायेब तुमच्या तुरीला लावत न्हाईत ते तुमी आमच्या चुलीला लावत न्हाई, एवढंच." तिचं शिक्षण चौथीपर्यंत.

आमचे एक निवृत्त गुरुजी मित्र आहेत. त्यांना हे सगळं बोलणं आवडत नाही. ते म्हणतात, "घरात मायेचा हिशेब करू नये. आई भाकरी घालते ती काय मजुरीसाठी?" गुरुजींचं अर्धं खरं आहे. माझ्या मायनं सुकडीतला स्वतःचा वाटा आम्हाला चारला, त्याला कोणता दर लावणार? पण माया आहे म्हणून मोजायचंच नाही, हे मला पटत नाही. बैलावर आपली माया नाही का? तरी पेंड घालतोच. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीनं मळतो, दुसऱ्या दिवशी जू ठेवत नाही. बैलाच्या खांद्यासाठी सण आहे आपल्याकडं. आणि त्या सणाला दिवसभर पुरण वाटत कोण बसलेलं असतं, ते गुरुजींनी आपल्या घरात जाऊन बघावं. हे मी त्यांना तोंडावर बोललोय, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

मात्र हिशेब मांडला की सगळं सुटतं असंही नाही. आमच्या मंडळींचे गुडघे गेले तसा संध्याकाळच्या भाकऱ्या मी माझ्याकडं घेतल्या. सून आशाताई म्हणून काम करते, तिचा दिवस कधी संपेल याचा नेम नाही. रात्री बाळंतपणाची केस आली की दवाखान्यात. तेव्हा भाकरी मी आणि कालवण मुलगा, असं चाललंय. मुलगा सुरुवातीला गावात सांगत नव्हता, आता सांगतो. पण मी येसराच्या डब्याला हात घातला तेव्हा मंडळी चिडल्या. येसर म्हणजे आमच्याकडचं तयार पीठ. धान्य आणि हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुकी मिरची भाजून घालायची आणि दळून ठेवायचं. पावसाळ्यात फोडणी करून, पाण्यात कालवलेलं येसर ओतलं की दहा मिनिटांत आमटी. आता दुकानात पाकिटं आलीत त्यांचं कौतुक होतं, पण बायांनी उन्हाळ्यात घाम गाळून पावसाळ्याची घाई आधीच उरकून ठेवायची, ही रीत फार जुनी. ती मला म्हणाली, "भाकऱ्या घ्या. येसर माझं. तेबी घेतलं तर या घरात मला कोण कशाला विचारील?" मी डबा जागेवर ठेवला. राबणं हे ओझं असतं आणि तोच माणसाचा शब्दही असतो, हे मला मजुरीच्या आकड्यात कुठं बसवावं ते समजलं नाही.

बसवायचा प्रयत्न मात्र यंदा झाला. तालुक्याला बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. आमच्या गल्लीतल्या पाच बायांनी ४० किलो येसर केलं. भाव ठरवायला सगळ्या आमच्या ओसरीवर बसल्या. धान्य, डाळ, मसाला, गिरणी, पिशव्या मिळून किलोला २१० रुपये पडले होते. अडीचशेला विकू, असं सगळ्यांचं झालं. सून म्हणाली, "आणि मजुरी?" पाच जणी तीन दिवस, म्हणजे पंधरा रोज. खुरपायला जाता तोच तीनशेचा रोज धरला तर साडेचार हजार. किलोला ११२ रुपये. ओसरी गप्प झाली. "सव्वातीनशेला कोण घेतंय बाई," एक जण म्हणाली. शेवटी ३२० ठरले.

तीन दिवसांत २६ किलो गेलं. ८,३२० रुपये आले. माल घातला होता ८,४०० चा. म्हणजे मजुरी सोडाच, ऐंशी रुपये खिशातले. मंडळी सुनेला म्हणाल्या, "बघ, मजुरी धरली अन् माल पडून राहिला." सुनेनं कागद पुढं केला. अडीचशेनं चाळीसच्या चाळीस किलो गेलं असतं तरी पंधरा रोजांचे सोळाशे सुटले असते, रोजाला १०७ रुपये. "त्या रोजावर तुम्ही कुणाच्या रानात खुरपायला गेला असता का?" मंडळी म्हणाल्या, "रानात न्हाई गेले. पर येसर तर दरसाल करतोच की फुकट." यावर दोघींचं बराच वेळ चाललं. पुढच्या साली २८० लावायचे की ३२० वरच ठाम राहायचं, यावर गटाच्या दोन बैठका झाल्या, निकाल नाही. मला कुणी मत विचारलं नाही आणि मी दिलं नाही. माझं मत ३२० चं आहे.

उरलेलं १४ किलो पाच घरांत वाटून घेतलं. आमच्या वाट्याला पावणेतीन किलो आलं. आज रात्री त्याचीच आमटी आहे. सून अजून आलेली नाही, मुलगा कांदा चिरतोय आणि मला पीठ मळायला उठलं पाहिजे.