खोडलेले आणि राहिलेले

घरातले एखादे वडीलधारे माणूस प्रभूकडे गेले, की पुढे कधीतरी त्याची पेटी उघडण्याची वेळ येते. पेटीत जुन्या पावत्या निघतात, पत्रे निघतात, एखादा फोटो निघतो, आणि पुष्कळदा एखादी वहीही निघते. वहीत अर्धवट लिहिलेले काहीतरी असते. कोठे दोन ओळी, कोठे चार, आणि त्यांतल्याही बऱ्याच खोडलेल्या. त्या वहीचे काय करावे? वाचावी की मिटून ठेवावी? चार जणांस दाखवावी की नाही? हा प्रश्न एका घरापुरता नाही. गेली तीस वर्षे जगभरचे असंख्य लोक एका निराळ्या पेटीविषयी हाच प्रश्न विचारीत आले आहेत, आणि त्यांची उत्तरे एकमेकांस छेदणारी आहेत. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

ही पेटी आहे 'बीटल्स' ह्या इंग्रजी बँडच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांची. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार ही लिव्हरपूलच्या चौघांची नावे आमच्या वयस्क वाचकांस ठाऊक असतील, आणि ज्यांच्या घरी मुले गिटार शिकतात त्यांस तर नक्कीच असतील. १९७० साली हा बँड मोडला. परंतु त्यांची गाणी थांबली नाहीत आणि त्यांच्या चाहत्यांचे कुतूहलही थांबले नाही.

गाणे सुचले म्हणजे ते विसरू नये, किंवा सोबत्यांस त्याचा अंदाज यावा, म्हणून गाणारा ते एखाद्या साध्या यंत्रावर म्हणून ठेवतो. त्यास 'डेमो' म्हणतात. शिंपी आधी कच्चे टाके घालून कपडा अंगावर बेतून पाहतो, तसेच हे. कच्चे टाके गिऱ्हाइकाने पाहावेत अशी शिंप्याची अपेक्षा नसते. पण १९९५ आणि १९९६ साली 'अँथॉलॉजी' ह्या नावाने तीन संच निघाले, आणि बीटल्सचे हे कच्चे टाके लोकांपुढे आले.

त्यांत काय काय होते! १९५८ साली लिव्हरपूलमधील एका छोट्या स्टुडिओत ह्या मुलांनी पदरचे पैसे घालून एकच तबकडी काढून घेतली होती. तेव्हा त्यांचे नावही बीटल्स नव्हते. ती तबकडी पियानो वाजविणाऱ्या मित्राकडे वर्षानुवर्षे पडून होती. १९८१ साली मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्का कंपनीपुढे परीक्षा म्हणून ते पंधरा गाणी गायले आणि कंपनीने त्यांस नाकारले. त्या पंधरांपैकी पाच गाणीही लोकांस ऐकावयास मिळाली.

आपल्या देशाशी ह्या पेटीचा धागा जुळतो तो १९६८ सालचा. त्या वर्षी फेब्रुवारीत हे चौघे हृषीकेशला आले. रिंगो लवकर परतला, पॉल त्यानंतर, आणि जॉन व जॉर्ज एप्रिलपर्यंत राहिले. गंगेकाठी त्यांस पुष्कळ गाणी सुचली. मे महिन्यात ते इशर येथे हॅरिसनच्या बंगल्यात जमले आणि घरच्या टेपरेकॉर्डरवर सत्तावीस गाणी म्हणून ठेवली. सोबत गिटार, बाकी सामग्री जुजबी. मधूनच थट्टामस्करीही ऐकू येते. ही सर्व ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली ती पन्नास वर्षांनंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये.

ती ऐकून चाहत्यांचे ढोबळ मानाने तीन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणाला, 'खरे गाणे हेच. स्टुडिओत नेऊन त्यावर साजशृंगार चढविला आणि प्राण गेला.' दुसरा म्हणाला, 'हे पेटीतच राहू द्यावयाचे होते. ज्यांनी इतक्या कष्टाने गाणे पूर्ण केले, त्यांचे अडखळणे बाजारात मांडू नये.' तिसऱ्या पक्षास वाद नको होता. त्यांनी डोळे मिटून ऐकले, आणि पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले.

आपण तिघांचाही विचार करू.

पहिल्याचे म्हणणे मनास भुरळ घालते. हॅरिसनचे 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे गाणे नुसत्या गिटारीवर ऐकावे. २००६ साली त्याच्या अशाच एका साध्या ध्वनिमुद्रणास जॉर्ज मार्टिन ह्यांनी तंतुवाद्यांची साथ रचून दिली, इतके ते मोलाचे ठरले. म्हणून जे कच्चे तेच खरे, असा सिद्धांत काढावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. एक उदाहरण घ्या. भावाने भावास रागाच्या भरात पत्र लिहिले, रात्रभर ते उशाशी ठेवले, सकाळी फाडले आणि दुसरे लिहून टाकले. ह्यांतले कोणते पत्र त्याच्या मनातले? पहिले मनातले आणि दुसरे वरवरचे, असे म्हणणारे फाडणाऱ्या हातास विसरतात. राग जसा त्याचा, तसे फाडणेही त्याचेच, आणि त्यास रागापेक्षा अधिक बळ लागले. गाण्याचेही तसेच आहे. पहिली ओळ सुचते. दुसरी माणूस निवडतो. निवडण्यात खोटेपणा नसतो.

तर मग दुसरा पक्ष बरोबर काय? येथे आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. सीमाभागातील आमच्या एका लहान मंडळीत पेटी वाजविणारे एक वृद्ध बंधू होते. ते वारल्यावर त्यांच्या सामानात गीतांची एक वही सापडली. गायनवृंदातील तरुणांस आनंद झाला. त्यांनी वहीतील एक गीत बसविले आणि रविवारच्या उपासनेत म्हणण्याचे ठरविले. आम्हीही 'छान, छान' म्हणालो. सरावाच्या दिवशी त्या बंधूंच्या पत्नी मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. गीत संपल्यावर त्या उठल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बाळांनो, मधलं कडवं त्यांनी खोडलं होतं. त्यांनी खोडलेलं तुम्ही का गाता?"

कोणाच्याच तोंडून शब्द निघेना. वही पुन्हा पाहिली. कडव्यावर बारीक पेन्सिलीची रेघ होती. आमच्या नजरेस ती आली होती, पण कडवे गोड वाटले म्हणून आम्ही तिच्याकडे काणाडोळा केला होता. त्या मातेने दुसरे एक पान काढून दिले. त्या गीताला दोनच कडवी होती, आणि खाली तिसऱ्यासाठी जागा कोरी ठेवलेली. "हे त्यांचं राहिलं," त्या म्हणाल्या. "हे म्हणा."

खोडलेले आणि राहिलेले ह्यांतला हा भेद त्या दिवशी आम्हांस समजला. पेटीतून निघालेले सर्वच अर्धवट एका जातीचे नसते. काही मनुष्याने स्वतः नाकारलेले असते. काही आयुष्य न पुरल्यामुळे राहून गेलेले असते. आणि काही दुसऱ्या रूपाने पुढे गेलेले असते. लेननने हृषीकेशच्या मुक्कामात सुचलेले 'चाइल्ड ऑफ नेचर' हे गाणे इशर येथे म्हणून ठेवले. बीटल्सच्या संचात ते आले नाही, पण त्याची चाल त्याने १९७१ साली वेगळ्या शब्दांसह 'जेलस गाय' म्हणून गायिली. सृष्टीचे गाणे पश्चात्तापाचे गाणे झाले! डेमो नसता तर हे परिवर्तन जगाने ऐकलेच नसते.

राहिलेल्याचे उदाहरण म्हणजे लेननची एक कॅसेट. न्यूयॉर्कच्या आपल्या घरी १९७०च्या दशकाच्या अखेरीस पियानोवर त्याने एक गाणे म्हणून ठेवले. ८ डिसेंबर १९८० रोजी त्याचा खून झाला. १९९४ साली त्याच्या पत्नी योको ओनो ह्यांनी ती मॅकार्टनीच्या हाती दिली. १९९५ मध्ये तिघांनी प्रयत्न केला, पण टेपवरील खरखरीमुळे काम सोडले. २००१ साली हॅरिसनही गेला. पुढे संगणकाच्या साहाय्याने लेननचा आवाज पियानोपासून वेगळा काढता आला, आणि हॅरिसनची १९९५ सालची गिटार घेऊन उरलेल्या दोघांनी २ नोव्हेंबर २०२३ रोजी 'नाऊ अँड देन' ह्या नावाने ते पूर्ण गाणे लोकांस दिले. यंत्राने खोटा आवाज बनविला की काय, अशी शंका लोकांस आली. तेव्हा काहीही कृत्रिम नाही असे मॅकार्टनीने उघड सांगितले. कॅसेटमधील एक भाग गाळल्यावरूनही चाहत्यांत वाद झाला. वाद व्हावा हे ठीकच. दुसऱ्याचे राहिलेले आपण पुरे करतो तेव्हा कोणीतरी विचारणारे असावे.

आपल्याकडेही असे झाले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पतीची लेखणी उचलण्याचा त्यांस काय अधिकार, असे आज कोणी विचारीत नाही. कारण तो अधिकार प्रेमाचा होता, आणि त्यांचे काय व आपले काय हे त्यांनी लपविले नाही. आमच्या मते कसोटी हीच असावी: जे मालकाने खोडले ते गाऊ नये, जे राहिले ते हळुवार हाताने उचलावे, आणि आपण त्यात काय घातले ते प्रामाणिकपणे सांगावे.

आता तिसरा पक्ष, ज्यांचे डोळे ओलावले. ते का रडले? इशरनंतर स्टुडिओत ह्या चौघांत कुरबुरी वाढल्या; ऑगस्टमध्ये रिंगो तर काही दिवस बँड सोडूनच गेला. म्हणून त्या घरगुती टेपमधील थट्टामस्करी ऐकताना चाहत्यांस भांडणाआधीचे मित्र भेटतात. ज्या घरी दोन भाऊ बोलेनासे झाले आहेत, तेथील आई त्यांचा लहानपणीचा फोटो जपून ठेवते, तसेच हे ऐकणे आहे. त्यास आम्ही हसणार नाही. मात्र एक ध्यानात ठेवावे, की ज्या तीस गाण्यांचा संच नोव्हेंबर १९६८ मध्ये जगास मिळाला, तो कुरबुरी सोसूनच मिळाला. फोटो जपावा, पण आज समोर उभ्या असलेल्या मुलांवरचे प्रेम त्या फोटोवर खर्चून टाकू नये.

शेवटी रविवारच्या शाळेतील शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. डेक्काची ती पाच गाणी ऐकून पुष्कळ चाहते नाकारणाऱ्यांस हसतात. 'एवढेही कळले नाही काय?' म्हणतात. पण हसणाऱ्यास शेवट ठाऊक आहे, हे तो विसरतो. ध्वनिमुद्रण खरोखरच घाबरलेल्या मुलांचे आहे. त्या दिवशी आपण तेथे असतो तर कदाचित आपणही नाकारले असते. आपल्या वर्गात दर रविवारी असेच अडखळणारे आवाज बसलेले असतात. 'ह्यांतला एखादा उद्या मोठा होईल, म्हणून जपा,' असे उपदेश आपण ऐकतो आणि करतोही. आम्हांस तो उपदेश अपुरा वाटतो. बहुतेक कच्ची गाणी कच्चीच राहतात. बहुतेक मुले नामांकित होत नाहीत. तर काय त्यांचे अडखळणे ऐकण्याजोगे नव्हते? मोठे होणाऱ्याच्याच बालपणास मान द्यावयाचा असेल, तर तो मान बालपणास नव्हे, यशास दिला जातो. जो शेवट ठाऊक नसताना कान देतो, त्यानेच खरे ऐकले.

त्या वृद्ध बंधूंचे दोन कडव्यांचे गीत आम्ही त्या रविवारी म्हटले. तिसऱ्या कडव्याच्या जागी पेटी नुसतीच वाजली. कोणी नवे कडवे घातले नाही. गीत काही फार थोर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण मागच्या बाकावर बसलेल्या त्या मातेने ते शेवटपर्यंत ऐकले, आणि खोडलेल्या कडव्याची वही पदराखाली घेऊन त्या घरी गेल्या.