थांबण्याचे धैर्य

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका मातेने मला गाठले. तिचा मुलगा नुकताच नोकरीला लागला आहे. स्वतःच्या कमाईतून त्याने मोटारसायकल घेतली असून चोवीस तासांत १६१० किलोमीटर अंतर तोडण्याचा त्याचा निर्धार आहे. "सर, त्याला व्यसन नाही, वाईट संगत नाही. पण हौसेखातर जीव धोक्यात घालणे हे पाप नाही का?" तिने विचारले. मला तत्काळ उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. आज हा प्रश्न एका घरापुरता उरलेला नाही, म्हणून त्याचा थोडा खोलवर विचार करू या.

प्रथम या छंदाचे स्वरूप पाहू. अमेरिकेतील 'आयर्न बट असोसिएशन' ही संस्था एक हजार मैलांचा प्रवास चोवीस तासांच्या आत मोटारसायकलवरून पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र देते. प्रारंभाला व शेवटाला साक्षीदार लागतो आणि वाटेत पेट्रोल भरल्याच्या पावत्या वेळेसह जपून ठेवाव्या लागतात. येथे स्पर्धा माणसाची माणसाशी नसते, घड्याळाशी असते. भारतातही अनेक तरुणांनी हे प्रमाणपत्र मिळवले आहे. याच संस्थेची मोठी रॅली अकरा दिवस चालते. याहून वेगळ्या जातीच्या रॅली वाळवंटातून आणि डोंगरांतून जातात. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघालेली डकार रॅली त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. आपल्याकडील 'रेड द हिमालय' १९९९ मध्ये सुरू झाली.

या साऱ्याकडे केवळ उथळ थरार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाचे विवेचन करताना एक मार्मिक विचार मांडला आहे. चाल करून जाण्यापेक्षा टिकून राहणे, सोसणे, हेच धैर्याचे मुख्य कार्य आहे, असे ते म्हणतात. संत पौलानेही ख्रिस्ती जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली. तहान, ऊन, कंबरेची वेदना आणि मनाची मरगळ यांवर मात करीत पुढे जाणारा तरुण स्वतःविषयी काही सत्य शिकत असतो. आळस हेही पापच आहे, हे आपण वडीलधारी माणसे तरुणांना उपदेश करताना सोयीस्करपणे विसरतो.

परंतु अक्वायनस तेथे थांबत नाहीत. संत अँब्रोस यांचा आधार घेऊन ते बजावतात की, न्यायापासून तुटलेले धैर्य अधर्माच्या हातातील शस्त्र होते. धोका पत्करणे म्हणजे धैर्य नव्हे. तो कशासाठी आणि कोणाच्या जिवावर पत्करला, यावर त्याचे मोल ठरते. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९० वा परिच्छेद याबाबत स्पष्ट आहे. मद्यधुंदीमुळे किंवा वेगाच्या आवडीमुळे जो रस्त्यावर स्वतःचा वा इतरांचा जीव धोक्यात घालतो, तो गंभीर दोषाचा धनी होतो. मद्य आणि वेग यांना ख्रिस्तसभेने एकाच ओळीत बसवले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता त्या मुलाच्या प्रवासाचे साधे गणित मांडू. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलसाठी ताशी ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. त्या वेगाने क्षणभरही न थांबता गेले तरी १६१० किलोमीटरला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. पेट्रोल, जेवण, विश्रांती या सर्वांसाठी चार तासही उरत नाहीत. पाच तास झोप घ्यायची म्हटली, तर उरलेल्या वेळात ताशी सरासरी ८५ किलोमीटर वेग ठेवावा लागेल, म्हणजे कायदा मोडावा लागेल. झोप सोडली तर दुसरे संकट उभे राहते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिसादाची शक्ती किती मंदावते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. ती रक्तात शंभर मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी होते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. थेंबभरही दारू न प्यालेला निर्व्यसनी मुलगा पहाटे तीन वाजता मद्यप्याच्या अवस्थेत गाडी चालवीत असेल, आणि त्याला त्याची जाणीवही नसेल.

आणि तो रस्ता कोणाचा आहे? आपल्या भंडारा जिल्ह्यातून पूर्वी ६ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आज ५३ क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग जातो. वैनगंगेचा पूल ओलांडून तो लाखनी, साकोलीकडे वळतो. चोवीस तासांच्या प्रवाशाला साकोली हे दगडावरचे एक नाव असते. रोवणीच्या दिवसांत बांधीकडे निघालेल्या बायांसाठी मात्र तो अंगणासमोरचा रस्ता असतो. दिवसभर चिखलात वाकून धान रोवणारी ती बाई सोसण्याच्या कसोटीला रोज उतरते, पण तिच्या सोसण्याला ना साक्षीदार लागतो, ना पावती. ती संध्याकाळी रस्ता ओलांडते तेव्हा दुसऱ्याच्या हौसेचा धोका तिच्या वाट्याला येतो, आणि तिची संमती कोणी विचारलेली नसते. १९८८ च्या डकार रॅलीत स्पर्धकांबरोबर आफ्रिकेतील स्थानिक माणसेही बळी पडली. तेव्हा व्हॅटिकनच्या 'लॉसर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने टीका केली की, जेथे माणसे भुकेने आणि तहानेने मरतात, तेथे सामर्थ्याचे व संपत्तीचे हे असभ्य प्रदर्शन आहे.

मग या छंदाचा सरसकट निषेधच करावा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण याच डकार रॅलीने दिले आहे. २०१६ साली सातव्या टप्प्यात ऑस्ट्रियाचा मथियास वॉल्कनर पडला आणि त्याची मांडी मोडली. पाठीमागून पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस आला. तो अग्रस्थानासाठी झुंजत होता, एकेक सेकंद मोलाचा होता. तरीही तो उतरला आणि मदत येईपर्यंत, सुमारे अकरा मिनिटे, जखमी प्रतिस्पर्ध्यापाशी थांबला. त्याच वॉल्कनरने २०१८ मध्ये ही रॅली जिंकली. पुढे सौदी अरेबियात, १२ जानेवारी २०२० रोजी, भारतीय हीरो संघाकडून धावताना गोन्साल्विस स्वतः वाळूत कोसळला. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. गोन्साल्विस वाचला नाही, परंतु तो एकाकी पडून राहिला नाही.

वाचकहो, येथे लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची आठवण कोणाला होणार नाही? यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या वाटेवर याजक आला, लेवीही आला. ते दुष्ट होते असे प्रभू येशू म्हणत नाही. कदाचित त्यांना कोठे तरी वेळेवर पोहोचायचे असेल. शोमरोन्यालाही कामे होती. तरी तो थांबला, जखमा बांधल्या, दोन दीनार दिले आणि परतीच्या वाटेवर पुन्हा येण्याचे वचन दिले. आपल्या देशाच्या कायद्यानेही हे नाव स्वीकारले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीत अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला इंग्रजीत 'गुड समॅरिटन' म्हटले असून कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिले आहे.

मात्र एक भेद नजरेआड करून चालणार नाही. जखमी स्पर्धकासाठी थांबलेल्या स्वाराला डकारचे पंच ती मिनिटे परत देतात; २०१६ मध्ये गोन्साल्विसलाही ती मिळाली. लाखनी-साकोलीच्या रस्त्यावर चोवीस तासांचे घड्याळ लावून निघालेल्या आपल्या मुलाला ती कोणी परत देणार नाही. रस्त्याकडेला पडलेल्या सायकलस्वारापाशी त्याने अर्धा तास घालवला तर कदाचित प्रमाणपत्र हातचे जाईल, आणि ते का गेले हे कोणाच्या कानावरही जाणार नाही. माझ्या मते त्याच्या धैर्याची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात आहे. डोळ्यांवर झापड आली असता किलोमीटर उरलेले असतानाही गाडी बाजूला घेऊन झोपी जाणे, ही त्याच परीक्षेची दुसरी बाजू आहे. जे प्रमाणपत्र आपण सोडू शकत नाही, ते आपले दैवत झालेले असते, मग आपण गळ्यात क्रूस घातलेला असो वा नसो.

म्हणून त्या मातेला माझे उत्तर असे. दूरच्या वाटेने जाणे पाप नाही आणि शरीराची कसोटी पाहणेही पाप नाही. परंतु झोप मारून आणि मर्यादा मोडूनच जे अंतर कापता येते, त्यासाठी दुसऱ्याच्या अंगणासमोरून जाण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलाने तेच अंतर दोन दिवसांत कापावे. प्रमाणपत्र मिळणार नाही, पण सोसणे, शिकणे आणि देवाची सृष्टी पाहणे यांपैकी काहीही कमी होणार नाही.

हे सांगताना आपणही स्वतःकडे पाहावे. पहिला क्रमांक, सर्वांआधी नोकरी, सर्वांआधी घर, असे घड्याळ मुलांच्या हातात बहुधा आपणच बांधलेले असते. तो मुलगा दाराशी गाडी सुरू करील तेव्हा त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आईने एवढेच म्हणावे, "बाळा, उशीर झाला तरी चालेल." आणि तो खरोखरच उशिरा आला, तर किती वेळ लागला हे विचारण्यापूर्वी वाटेत कोण भेटले, हे विचारावे.