बंद रस्त्याची किंमत

परदेशी राष्ट्रप्रमुख शहरात येणार असला की नागरिकांना मिळणारी आगाऊ सूचना बहुधा एकाच साच्याची असते. अमुक रस्ते अमुक वेळेत बंद, वाहतूक अमुक मार्गाने वळवली, गरज नसल्यास घराबाहेर पडू नये. काय बंद राहणार हे ती नेमके सांगते. बंदचा भार कोणावर किती पडणार, याचा हिशेब मात्र तिच्यात नसतो. पाहुण्याचे रक्षण हे यजमान देशाचे कर्तव्य आहे. राष्ट्रप्रमुखांसारख्या व्यक्तींविरुद्धच्या गुन्ह्यांना आळा घालण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९७३ साली स्वतंत्र करारही केला. तेव्हा रस्ते बंद करावेत की नाही हा वाद फारसा उरत नाही. प्रश्न उरतो तो तयारी नेमकी कोणाची करून घेतली जाते, याचा.

या सूचनांना आजचे रूप का आले, हे समजायला डॅलसपासून सुरुवात करावी लागते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांची तेथे हत्या झाली, तेव्हा त्यांच्या ताफ्याचा मार्ग काही दिवस आधीच स्थानिक वृत्तपत्रांत छापून आलेला होता. लोकांनी दुतर्फा उभे राहून अध्यक्षांना पाहावे, हाच त्यामागचा हेतू होता. गाडीही उघडीच होती. आज असे होत नाही. ताफा नेमका कधी आणि कोणत्या रस्त्याने जाणार हे गुप्त ठेवले जाते आणि एकाहून अधिक मार्ग तयार असतात. मात्र मार्ग सांगायचा नसेल तर संभाव्य असे सगळेच रस्ते मोकळे ठेवावे लागतात. वेळ सांगायची नसेल तर तासाभराच्या कामासाठी सबंध दिवस अडवावा लागतो. गुप्ततेची किंमत अशी क्षेत्रफळात आणि तासांत मोजली जाते, आणि ती भरतात त्या क्षेत्रात राहणारी व कमावणारी माणसे.

मुंबईने याचा अनुभव नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला. बराक ओबामा ६ तारखेला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी शहरात आले आणि ताजमहाल हॉटेलात उतरले. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर त्या हॉटेलात मुक्काम करणे हाच एक संदेश होता. बंदोबस्त किती बारकाईने आखला जातो, याची साक्ष गावदेवीच्या मणिभवनाने दिली. कोणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून तेथील माडांवरचे नारळ आधीच उतरवले गेले. दिवाळीची सुटी आणि शनिवार-रविवार एकत्र आल्याने दक्षिण मुंबईतली कचेऱ्यांची गर्दी मुळातच ओसरलेली होती. भेटीची तारीख शहराच्या सुटीशी जुळली तर निम्मी तयारी आपोआप होते, ही साधी गोष्ट नियोजनात पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

दिल्लीत सप्टेंबर २०२३ मध्ये ही सुटी घडवून आणावी लागली. ९ आणि १० सप्टेंबरला प्रगती मैदानातल्या भारत मंडपम येथे जी-२० शिखर परिषद भरली आणि एकाच वेळी अनेक राष्ट्रप्रमुखांचे ताफे शहरात फिरणार होते. राज्य सरकारने ८ ते १० सप्टेंबर सुटी जाहीर केली. शाळा आणि सरकारी कार्यालये बंद राहिली. नवी दिल्ली जिल्हा नियंत्रित क्षेत्र ठरवला गेला. तेथे राहणारे, अत्यावश्यक सेवेतले आणि हॉटेलात आरक्षण असलेले प्रवासी यांनाच वाहनाने आत जाता येत होते. शहराबाहेरून येणाऱ्या मालवाहू गाड्या अडवल्या, पण दूध, भाजी, फळे आणि औषधे यांना वाट ठेवली.

या तयारीतला काही भाग खरोखर चांगला होता. आधीच्या शनिवार-रविवारी, २ आणि ३ सप्टेंबरला ताफ्यांची पूर्ण रंगीत तालीम झाली, त्यामुळे कुठे कोंडी होते हे पोलिसांना आणि नागरिकांनाही आठवडाभर आधी कळले. मेट्रो चालू राहिली, इतकेच नव्हे तर ती पहाटे चारपासून सुटू लागली. ९ आणि १० तारखेला परिषदेच्या जागेजवळचे सुप्रीम कोर्ट स्थानक तेवढे प्रवाशांसाठी बंद होते. वाहतूक पोलिसांनी रुग्णवाहिकांच्या मदतीसाठी वेगळा कक्ष उघडला. ‘काय बंद’ याच्या जोडीला ‘काय चालू’ हेही सांगितले की सूचना घाबरवणारी न राहता उपयोगाची होते. शहराचा कणा असलेली वाहतूक व्यवस्था जमिनीखालून वा उन्नत मार्गावरून जात असेल, तर रस्ता बंद असूनही शहर बंद पडत नाही. मेट्रो नसलेल्या शहराला हे साधणे फार अवघड असते.

पण त्याच तीन दिवसांचा दुसरा भाग तितकाच नीट पाहायला हवा. नियंत्रित क्षेत्रातल्या दुकानांनी आणि आस्थापनांनी कामगारांना भरपगारी सुटी द्यावी, असा आदेश होता. योग्यच होता. मात्र भरपगारी सुटी मिळायला आधी पगार लागतो आणि पगार द्यायला मालक लागतो. चहाची टपरी चालवणारा, पदपथावर कपडे विकणारा, रिक्षा भाड्याने घेऊन चालवणारा, घरोघरी खाद्यपदार्थ पोचवणारा यांना सुटी देणारा मालक नाही. त्यांच्यासाठी सुटी म्हणजे तीन दिवसांचे उत्पन्न गेले, आणि रोज भरायचा हप्ता किंवा गाडीचे भाडे मात्र उभेच राहिले. खिशात मासिक पगार असलेल्या माणसाला तीच सूचना गैरसोयीची वाटते. रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्याला ती उपासाची असते. एकाच कागदाचे हे दोन अर्थ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतील, तर ती सूचना शहरातल्या निम्म्या माणसांनाच उद्देशून लिहिलेली राहते.

कायदाही येथे तोकडा पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ११५ने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली, जमाव आणि हालचालींवर बंदी आणता येते. या कलमांत बुडालेल्या रोजगाराच्या भरपाईचा उल्लेख नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली झालेला कायदा फेरीवाल्याला हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस मागतो. तीन दिवसांसाठी गाडी उचलायला लावणे म्हणजे ‘हटवणे’ नव्हे, असा युक्तिवाद प्रशासन करू शकते. परंतु शिखर परिषदेची तारीख काही महिने आधी ठरलेली असते. तेवढ्या काळात फेरीवाल्यांची नोंद पाहून त्यांना पर्यायी जागा देणे किंवा ठरावीक रक्कम खात्यावर जमा करणे अशक्य नाही, आणि परिषदेच्या सजावटीवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम फार मोठी ठरणार नाही.

सजावटीचा विषय निघाला की तयारीचे आणखी एक रूप समोर येते: माणसांना तयार करण्याऐवजी त्यांना नजरेआड करणे. दिल्लीत वसंत विहारजवळची कुली कॅम्प ही वस्ती हिरव्या कापडाआड गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प अहमदाबादेत मोटेरा स्टेडियमवर आले, तेव्हा विमानतळाकडून येणाऱ्या रस्त्यालगतच्या सरणियावासासमोर वीटबांधकामाची भिंत उभी राहिली. अतिक्रमण रोखण्यासाठी ती बांधल्याचे महापालिकेचे म्हणणे होते. भेटीच्या तोंडावर काम झाले, त्यामुळे त्या वस्तीतल्या माणसांना ते कसे वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. पडद्याने वा भिंतीने कोणाचीही सुरक्षितता वाढत नाही. सुरक्षेच्या नावाखाली येणारी ही गोष्ट सुरक्षेच्या खात्यात धरूच नये, कारण तसे केल्याने खरोखर आवश्यक असलेल्या निर्बंधांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

ज्या एका बाबतीत चूक परवडत नाही ती म्हणजे रुग्णालयाची वाट. हा धोका परदेशी पाहुण्यापुरता नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात पंतप्रधान मनमोहन सिंग यांचा कार्यक्रम होता. बंदोबस्तामुळे मूत्रपिंडाच्या विकाराच्या एका रुग्णाला वेळेत आत नेता आले नाही आणि त्याचा मृत्यू झाला. पंतप्रधानांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. जून २०२१ मध्ये कानपूरला राष्ट्रपतींच्या दौऱ्यात थांबवलेल्या वाहतुकीत अडकलेल्या एका महिलेचा जीव गेला आणि पोलिसांनी माफी मागितली. रुग्णवाहिकेला वाट देण्याचा नियम कागदावर असतोच. पण अनेक रुग्ण रिक्षात किंवा शेजाऱ्याच्या गाडीत बसून येतात. नाक्यावरचा शिपाई अशा गाडीला स्वतःच्या जबाबदारीवर सोडू शकेल, असा लेखी अधिकार त्याला आधीच मिळाला तरच त्या नियमाला अर्थ येतो. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत थांबायचे असेल, तर थांबणारा माणूस शिपाई नसतो, रुग्ण असतो.

सूचना अपुरी असली की नुकसान होते, तसे ती भीतीदायक असली तरी होते. व्हॅटिकनचे तेव्हाचे राष्ट्रप्रमुख पोप फ्रान्सिस २६ आणि २७ सप्टेंबर २०१५ रोजी फिलाडेल्फियात होते. शहराच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला मोठा चौकोन आखला गेला, आणि डेलावेअर नदीवरचा बेंजामिन फ्रँकलिन पूल वाहनांना बंद झाला. उपनगरी रेल्वेसाठी खास पास विकायला काढले, तेव्हा पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि अखेर सोडतीने पास द्यावे लागले. कित्येक महिने कुंपणांची, तपासणीची आणि लांबच लांब चालण्याचीच चर्चा होती. परिणामी अनेक रहिवासी शहर सोडून गेले. पाहुण्यांच्या गर्दीसाठी माल भरून ठेवलेल्या उपाहारगृहांत जागा रिकाम्या राहिल्या. अडचणींबद्दल सांगितलेले खरेच होते, पण ते एकाच बाजूचे होते. कोणती दुकाने उघडी असतील, पायी कुठवर जाता येईल, हे त्याच ठळकपणे सांगितले असते तर हा तोटा बराच टळला असता.

त्या दोन दिवसांत शहरातच राहिलेल्या फिलाडेल्फियाकरांना मात्र वेगळेच शहर दिसले. गाड्या नसलेल्या रस्त्यांच्या मध्यातून मुले सायकली चालवत होती, माणसे पुलावरून पायी नदी ओलांडत होती. हे पुन्हा व्हावे म्हणून नागरिकांनी संघटित मागणी केली, आणि २४ सप्टेंबर २०१६ रोजी शहराने आपणहून काही रस्ते वाहनांना बंद करून ते चालणाऱ्यांसाठी खुले केले. त्या दिवशी शहरात कोणताही राष्ट्रप्रमुख आलेला नव्हता.