सायलेन्सर आणि शेजारधर्म

मनुष्याच्या हातीं नवें साधन आलें, म्हणजे एखादा जुनाच नीतिप्रश्न नवा वेष घेऊन त्याच्या दाराशीं उभा राहतो. घरांत चूल पेटली तेव्हां धुराचा प्रश्न आला. विहिरीवर मोट चालूं लागली तेव्हां पाण्याच्या वांटणीचा आला. छापखाना निघाला तेव्हां अब्रूचा आला. आजचा आमचा विषय ह्याच परंपरेंतला आहे. मात्र वरवर पाहतां तो अगदीं क्षुल्लक भासेल. डिझेलवर चालणाऱ्या मोटारगाडीला कारखान्यानें बसविलेला सायलेन्सर काढून, त्याच्या जागीं बाजारांत मिळणारें, अधिक मोकळें व अधिक गरजणारें एग्झॉस्ट बसवावें काय, एवढाच तो प्रश्न. हा विषय गॅरेजांतल्या मिस्त्रीचा आहे, मासिकाच्या वाचकांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरीं हें मासिक वाचलें जातें, त्यांतील पुष्कळ घरांपुढें आतां मोटार उभी असते, आणि तिची किल्ली बहुधा विशीबाविशीच्या मुलाच्या हातीं असते. तेव्हां हा प्रश्न आमच्याच ओसरीवरचा आहे.

विचाराच्या सोयीसाठीं एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर नांवाचें गांव आहे. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. सोलापूर-धुळें महामार्ग गेवराईवरून जातो. ह्या गांवांतील एखाद्या तरुणानें आपल्या डिझेल गाडीला असें एग्झॉस्ट बसविलें, अशी कल्पना करूं. शहरांत असा आवाज शेंकडों आवाजांत मिसळून जातो. लहान गांवीं तो मिसळत नाहीं. रात्रीं दहानंतर गल्ली निजलेली असते, आणि त्या शांततेंत एकच गाडी वेशीपासून घरापर्यंत येतांना साऱ्या गांवाला उठविते. म्हणून प्रश्नाचें खरें रूप पाहावयाचें तर तें शहरापेक्षां गांवांतच पाहावें.

प्रथम हें यंत्र काय करतें तें समजून घेतलें पाहिजे. कारण वस्तुस्थिति न जाणतां केलेला नीतिविचार पोकळ ठरतो. आधुनिक डिझेल गाडींत इंजिनांतून निघणारे तप्त वायु सरळ बाहेर पडत नाहींत. ते आधीं टर्बोचें चक्र फिरवितात, आणि त्या चक्राच्या जोरावर अधिक हवा इंजिनांत कोंबली जाते. चक्रापुढील नळी मोकळी केली तर तें चक्र थोडें लवकर वेग घेतें, ही गोष्ट खरी. परंतु डिझेल इंजिनाची शक्ति मुख्यतः त्यांत किती इंधन सोडलें जातें ह्यावर अवलंबून असते, आणि तें ठरविणारा गाडींतील संगणक नळी बदलल्यानें बदलत नाहीं. म्हणून नुसतें एग्झॉस्ट बदलून शक्तींत पडणारी भर अल्पच असते. आवाजाची गोष्टहि अशीच. पेट्रोलच्या गाडीची जी गंभीर गर्जना ऐकून तरुण मोहित होतात, ती टर्बो-डिझेलमधून सहसा निघत नाहीं. कारण वायूंच्या धक्क्यांचा बराचसा जोर चक्रांतच विरतो. हातीं लागते ती बहुतेक एक कंटाळवाणी घरघर, आणि ती बाहेरच्यांप्रमाणें गाडींत बसलेल्यांसहि लांबच्या प्रवासांत शिणविते.

तेव्हां समाधान न होऊन पुढची पायरी येते. संगणकाची मांडणी बदलून इंधन वाढविलें जातें. हवा पुरेशी नसेल तर तें पुरें जळत नाहीं व काळा धूर निघतो. १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशांत भारत स्टेज ६ हीं मानकें लागू झालीं. त्यांस उतरणाऱ्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी एक जाळी असते. तींत काजळी सांठते, आणि ठराविक वेळानें सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णतेंत ती जाळून टाकली जाते. ही जाळी वाट अडविते म्हणून कित्येक जण तीहि काढून टाकतात. मग संगणक तक्रार करूं लागतो, आणि त्याला गप्प बसविण्यासाठीं सर्व कांहीं ठीक आहे असें खोटें सांगावयास शिकवावें लागतें. आरंभ हौसेपासून झाला आणि शेवट असत्यापाशीं आला. मधल्या पायऱ्या एकेकट्या पाहिल्या तर त्यांत कोणतीहि फारशी भयंकर वाटत नाहीं. नीतिभ्रंशाचा मार्ग बहुधा असाच सुगम असतो.

इतिहासांत एक योगायोग आहे. रुडॉल्फ डिझेल ह्यांचें इंजिन जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं यशस्वी ठरलें. आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत इंडियाना राज्यांतील रीव्ह्ज बंधूंना इंजिनाचा आवाज शमविणाऱ्या साधनाचें पेटंट मिळालें. शक्ति आणि तिचा संयम हीं दोन जणूं एकाच सालचीं भावंडें होत. स्वतः डिझेल ह्यांची अशी आशा होती कीं, आपलें इंजिन लहान कारागिरांच्या उपयोगीं पडेल व मोठ्या भांडवलापुढें त्यांना टिकाव धरतां येईल. आमच्याकडे ती आशा अंशतः फळली. पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि पुढें महाराष्ट्रांतल्या किती तरी विहिरींवर डिझेलचीं इंजिनें धडधडूं लागलीं. त्यांचा आवाज कांहीं मधुर नव्हता. परंतु तो ऐकून कोणी शेजारी रागावल्याचें सहसा ऐकिवांत नाहीं. त्या आवाजामागें पाणी आहे, पाण्यामागें पीक आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. तो आवाज कामाबरोबर अपरिहार्यपणें येत असे. आवाजासाठीं म्हणून कोणी इंजिन चालवीत नव्हतें. आजच्या एग्झॉस्टचा आवाज मात्र मुद्दाम पैसे देऊन विकत घेतलेला असतो. दोन आवाज कानाला सारखे लागले तरी नीतीच्या तराजूंत त्यांचें वजन सारखें नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. मोटारीचे भाग एकेक करून पाहावे. इंजिन धन्यासाठीं धांवतें, चाकें धन्याला वाहून नेतात, गादी त्याला आराम देते, दिवा त्याची वाट उजळतो. परंतु सायलेन्सर व काजळीची जाळी ह्यांचा धन्याला फारसा लाभ नाहीं. त्यांची किंमत तो भरतो आणि सुख मिळतें तें रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला. मोटारगाडींतील हा भाग परक्यांचा आहे. एका घराच्या ओसरीवर वाटसरूसाठीं पाण्याचा माठ भरून ठेवावा, तसा समाजानें प्रत्येक गाडींत शेजाऱ्याचा हा वांटा राखून ठेवला आहे. जो तो कापून टाकतो, तो आपल्या गाडींत बदल करीत नाहीं. तो दुसऱ्याचा माठ फोडतो.

ह्यावर आक्षेप येतो तो असा: ‘गाडी माझी, पैसा माझा, मी तिचें काय वाटेल तें करीन.’ हा आक्षेप आम्ही तुच्छ मानीत नाहीं. व्यक्तिस्वातंत्र्याचें मोल महाराष्ट्राला आगरकरांनीं शिकविलें, आणि आगरकर ज्या मिल्लच्या विचारांवर पोसले, त्यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मर्यादा एकच घातली: दुसऱ्यास अपाय होऊं नये. नळीच्या तोंडापर्यंत जें आहे तें तरुणाचें, हें मान्य. परंतु नळीच्या तोंडाबाहेर पडलेला वायु आणि नाद त्याचा राहत नाहीं. तो शेजारच्या तान्ह्या मुलाच्या झोंपेचा होतो, परीक्षेसाठीं जागणाऱ्या मुलीच्या चित्ताचा होतो, दम्यानें उठून बसलेल्या म्हाताऱ्याच्या छातीचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें जून २०१२ मध्यें डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग होण्याच्या निश्चित कारणांत केली. तेव्हां अपाय होतो कीं नाहीं ही चर्चा आतां उरली नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं ह्या बाबतींत एक मार्मिक कल्पना सांगून ठेवली आहे. गृहस्थाच्या घरीं चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा अशा पांच जागीं नकळत जीवहिंसा घडते. तिला त्यांनीं पंचसूना म्हटलें, आणि तिच्या परिमार्जनासाठीं रोजचे पंचमहायज्ञ सांगितले. कर्मकांडाचा भाग बाजूस ठेवला तरी त्यांतील विचार टिकणारा आहे. जगावयाचें म्हटलें कीं दुसऱ्याला कांहींना कांहीं उपसर्ग पोंचतोच. म्हणून जगणें सोडावयाचें नाहीं, पण त्या उपसर्गाची जाणीव ठेवून रोज त्याची फेड करीत राहावयाची. दारांतली मोटार ही सहावी सूना होय. सायलेन्सर आणि जाळी ही तिची रोजची फेड आहे. ती पुरी होते असें नाहीं. परंतु ती मुद्दाम बुडविणें म्हणजे ऋण नाकारणें होय.

एवढें बोलून तरुणावर दोष टाकून आम्ही मोकळे झालों तर तें अन्यायाचें होईल. त्याला हा आवाज हवासा कां वाटतो, हेंहि विचारलें पाहिजे. बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अवर्षण, कर्ज, नोकरीचा अभाव ह्यांच्या बातम्या ज्या भागांतून येतात, तेथल्या मुलाला आपलें म्हणणें कोणी ऐकतें, असा अनुभव किती वेळां येत असेल? जुनी का होईना, एक डिझेल गाडी घरीं येते. ती त्याची पहिली मिळकत, पहिली प्रतिष्ठा. तिच्या नळीतून तो गर्जतो तेव्हां ‘मी आहें’ एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. ही भूक खोटी नाहीं. परंतु ती ह्या वाटेनें भागत नाहीं. लोक मान वळवून पाहतात, पण ती मान आदरानें वळलेली नसते. आणि ज्याला ऐकूं जावें असें त्याला वाटतें, तो दूरचा, बेफिकीर समाज तो आवाज ऐकतच नाहीं. ऐकतो तो त्याच्याच भिंतीला भिंत असलेला, त्याच्यासारखाच दमलेला शेजारी.

आणि आम्ही वडील मंडळी तरी कोणत्या तोंडानें उपदेश करणार? लग्नाच्या वरातींत कानठळ्या बसविणाऱ्या भिंती आम्हीच उभारतों, उत्सवांतील ध्वनिवर्धकांपुढें आम्हीच माना डोलवितों, आणि आमच्याच मुलाच्या गाडीचा आवाज कौतुकानें ओळखतों. मोठमोठ्या संस्था तरी कोठें निर्दोष आहेत? फोक्सवागनसारख्या जगद्विख्यात कंपनीनें तपासणीच्या वेळेपुरतें सोज्ज्वळ वागणारें तंत्र आपल्या डिझेल गाड्यांत दडविलें होतें, हें सप्टेंबर २०१५ मध्यें उघडकीस आलें. अशा गाड्यांची संख्या जगभर सुमारें १ कोटि १० लक्ष होती. एका खेड्यांतल्या पोराच्या नळीपेक्षां हें पातक कितीतरी मोठें. परंतु थोरांच्या पापानें लहानांचें पाप धुऊन निघत नाहीं; दोघांनीं मोडलेला नियम एकच, न दिसणाऱ्या शेजाऱ्याशीं प्रामाणिक राहण्याचा.

कायदा ह्या बाबतींत मुका नाहीं. कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणींत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि मूळ तपशील बदलणारा फेरफार चालणार नाहीं असा निर्णय दिला. प्रत्येक गाडीला आवाज शमविणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असें १९८९ चे नियम सांगतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलची गणना साधी नसते. दर १० अंकांस ध्वनीची शक्ति दसपट होते, म्हणून ४५ च्या जागीं ७५ झाले तर ती हजारपट झाली. महाराष्ट्रांतील शहरांत दुचाकींच्या जप्त केलेल्या ‘पुंगळ्या’ पोलीस रोडरोलरखालीं चिरडतात. तो देखावा पाहावयास गर्दी जमते. परंतु रोडरोलरखालीं पुंगळी चिरडते, पुंगळीची हांव चिरडत नाहीं. तें काम घरचें आहे.

यंत्राची हौस ही मुळींच निंद्य वस्तु नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. इंजिन उघडून पाहणारा, नळ्या कशा वळल्या म्हणजे वायु सुरळीत वाहतील ह्याचा विचार करणारा मुलगा आम्हांस निष्क्रिय पदवीधराहून प्रिय आहे. ज्याला वेगाचा व गर्जनेचा ध्यास आहे, त्याच्यासाठीं कोइमतूरजवळ किंवा चेन्नईजवळ शर्यतीचे मार्ग आहेत. तेथें जमलेला प्रत्येक माणूस तो आवाज ऐकावयास आपणहून आलेला असतो. संमति हाच येथें भेद आहे. आणि ज्याला गाडी खरोखर सुधारावयाची आहे, त्यानें हवेची जाळी स्वच्छ ठेवावी, इंधनाचे फवारे तपासून घ्यावे, टर्बोची गळती काढावी. जुन्या गाडीची गेलेली शक्ति पुष्कळदां एवढ्यानेंच परत येते, आणि शेजाऱ्याच्या वांट्याला हात लागत नाहीं.

मुलाला गाडीची किल्ली देतांना आम्ही त्याला ब्रेक कोठें, क्लच कोणता, हें शिकवितों. त्याबरोबर गाडीखालीं वाकून तो सायलेन्सरहि दाखवावा, आणि हा भाग आपला नव्हे, गल्लीचा आहे, आपण त्याचे केवळ राखणदार आहों, असें सांगावें. वडिलांच्या तोंडून एकदां हें ऐकलेल्या मुलाला पुढें पोलिसांचा धाक फारसा लागणार नाहीं. परंतु तें सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर येत्या वरातींत आपल्या दारची ध्वनिवर्धकांची भिंत आधीं आपण उतरविली पाहिजे.