कानी आले ते मुखी घ्यावे काय?



एका एकादशीला कीर्तन आटोपले. मंडळी फराळाला बसली होती. तेवढ्यात आमच्या फडातल्या एका जुन्या टाळकऱ्याने मला विचारले, "महाराज, लबाड बोलणं पाप, हे आम्हांला कळतं. पण माझ्या फोनवर कुणी काही धाडलं, मी ते आपल्या चार माणसांना धाडलं, आन् मागाहून ते खोटं निघालं, तर त्यात माझं काय चुकलं? मी पदरचं काही घातलं नाही. आलं तसं पुढं दिलं."

गावातल्या एका दूधवाल्याविषयी ती गोष्ट होती. तो दुधात कसलीशी पावडर मिसळतो, असा मजकूर कोणी तरी लिहिला आणि दोन दिवसांत तो घरोघर फिरला. पुढे दूध तपासले तेव्हा ते चोख निघाले. पण तोवर त्याची निम्मी गिऱ्हाइके तुटली होती. टाळकऱ्याच्या मनाला हीच टोचणी लागली होती, म्हणून तो विचारीत होता.

प्रश्न दिसायला लहान आहे. मला त्याचे उत्तर तेथल्या तेथे देता आले नाही. पुष्कळ दिवस तो मनात घोळत राहिला. आज जो विचार सुचला तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'पुढे सांगूच नये' हे याचे उत्तर होऊ शकत नाही. आपला संप्रदाय उभा आहे तोच मुळी पुढे सांगण्यावर. माउलींनी नेवाशात सांगितले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. शके १२१२ मधला तो शब्द आज आपल्या देव्हाऱ्यात आहे, तो हातोहात आल्यामुळेच. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापून निघू लागली. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' बोलपट आला आणि ज्यांनी देहू कधी पाहिले नव्हते त्यांनीही तुकोबांसाठी डोळे पुसले. २०२० साली साथीमुळे वारी पायी निघू शकली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी घरी बसून पडद्यावरच हात जोडले. तेव्हा छापखाना वाईट, रेडिओ वाईट, फोन वाईट, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. टाळ वाईट वाजला तर दोष काशाचा नसतो, हाताचा असतो.

मग दोष कोठे आहे? यासाठी एक दुःखाची हकिगत आठवावी लागते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवार होता, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे उतरली. भिक्षा मागत गावोगाव फिरावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उदरनिर्वाह. त्या दिवसांत फोनवरून एकच आवई उठली होती की, मुले पळवणारी टोळी आली आहे. ही माणसे परकी दिसली, लोकांना संशय आला, आणि जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. त्यांच्यात बहुतेक जण मंगळवेढे तालुक्यातले होते. आषाढी त्याच महिन्यात होती.

त्या काळात देशभर जे फिरत होते, त्यात एक चित्रफीतही होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मूळ चित्रफीत पाकिस्तानातल्या कराची शहरातली. मुलांना जपा, असे आईबापांना सांगण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम तयार करवली होती. शेवटी ती माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि तसा फलक दाखवतात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला. उरला तो केवळ मूल पळवल्याचा देखावा. सज्जनहो, यातली गोष्ट नीट पाहा. चित्र कोणी खोटे काढले नव्हते. त्याचे शेपूट तेवढे तोडले, आणि जपण्यासाठी केलेली वस्तू मारण्याच्या कामी आली.

आपणां कीर्तनाच्या श्रोत्यांना ही गोष्ट नवी नाही. अश्वत्थामा मेला, असे धर्मराज रणात म्हणाले. तो हत्ती होता, हा पुढचा शब्द गलबल्यात बुडाला. धर्मराजांच्या तोंडून खोटे अक्षर निघाले नव्हते. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. अर्धे सत्य धर्मराजांनाही पचले नाही, मग ते तुम्हांआम्हांला कसे पचावे?

आता टाळकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. तो म्हणतो, मी पदरचे काही घातले नाही. पण खरोखर तसे आहे काय? त्याने एक वस्तू नक्की घातली. ती म्हणजे त्याचा विश्वास. गळ्यात माळ असलेला, गावात कधी कोणाला न फसवलेला माणूस जेव्हा एखादी गोष्ट धाडतो, तेव्हा घेणारा म्हणतो, "अहो, बुवांनी पाठवलंय, खोटं कसं असेल?" ज्याने ती कंडी पिकवली त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याच्या एकट्याच्या शब्दावर दूधवाल्याचे एक गिऱ्हाईकही तुटले नसते. गिऱ्हाइके तुटली ती आपल्यासारख्यांच्या माळेकडे पाहून. खोट्या नाण्याला बाजारात चालवतो तो भला माणूसच.

दुसरे कोणी म्हणेल, "माझा हेतू तर चांगला होता. पोराबाळांच्या काळजीनं धाडलं." हेतू चांगला असेल, नाही कोण म्हणतो? पण राईनपाड्याच्या जमावातल्या माणसांनाही काळजी पोरांचीच वाटत होती. काळजीला विचाराची जोड नसेल तर तिचे भय होते, आणि भय हातात दगड घेते. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे सत्य हवे, हिताचे हवे, प्रिय हवे आणि कोणाच्या मनाला उद्वेग न देणारे हवे. हे सगळे एकाच वेळी लागते. नुसता हिताचा हेतू घेऊन सत्य सोडले तर ते तप होत नाही.

तिसरा म्हणेल, "मी एकट्यानं न धाडल्यानं काय थांबणार आहे?" दिंडीत चालणाऱ्याने तरी असे म्हणू नये. माझ्या एकट्याच्या टाळाने काय होणार, असे प्रत्येकाने म्हटले असते तर वाखरीचे रिंगण कोणी पाहिले असते? जे नामाच्या गजराला लागू, तेच आवईलाही लागू. दोन्ही एकेका मुखाने वाढतात, आणि दोन्ही एकेका मुखाशी थांबू शकतात.

मग कीर्तनात पुढे सांगणे आणि फोनवर पुढे धाडणे, यांत फरक कोणता? मला वाटते, फरक तोंडाचा आहे. कीर्तनकार नारदांच्या गादीवर उभा राहतो तो सर्वांच्या समोर. मागे टाळकरी असतात, पुढे जाणते श्रोते असतात. चरण चुकला तर शेजारचा माळकरी तिथेच सावरतो. उद्या सकाळी त्याच गावात त्याला तोंड दाखवायचे असते. एकेक प्रमाण घेताना तो बिचकतो, आणि ते बिचकणेच त्याला राखते. फोनवर बोटाला बिचकणे ठाऊक नाही. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही. कोणाचा शब्द, कोठून आला, पुढे कोणाच्या घरावर पडणार, काही दिसत नाही. अलीकडे दोन तासांच्या कीर्तनातला एक मिनिटाचा तुकडा कापून फिरवतात. पूर्वपक्ष तेवढा राहतो आणि बुवांनी दिलेले उत्तर कापले जाते. तुकोबांच्या नावावर त्यांनी कधी न रचलेले चरण रोज सकाळी येतात, आणि आपण 'रामकृष्णहरी' म्हणून ते पुढे पाठवतो.

नाथमहाराजांनी काय केले ते आठवावे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरताना पाठ बिघडले होते. भर घालणारे भक्तच असतील, शत्रू नव्हेत. तरी नाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. माउलींवरची श्रद्धा त्यांनी पारखण्यातून दाखवली. पारखणे म्हणजे अश्रद्धा, हा आपला मोठा गैरसमज आहे.

येथे एक रास्त शंका निघते. खरोखरच गावात चोर आला असेल तर पारखत बसायचे काय? नाही. पण सांगायचे कोणाला, एवढा विचार करावा. पोलीस पाटील आहे, पोलीस ठाणे आहे. जो चौकशी करू शकतो त्याला तात्काळ सांगावे. ज्याला चौकशी करता येत नाही, मारताच येते, अशा घोळक्यात ती ठिणगी टाकू नये.

२०१८ च्या त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीने भारतापुरते असे बंधन जाहीर केले की, एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल. बंधन चांगलेच. पण यंत्राला संख्याच मोजता येते. दोन वर्षे झाली नाहीत तोच, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे अशाच आवईच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा गाडीवान जमावाच्या हातून मेले. पाचांचा हिशेब यंत्राने ठेवावा, पहिल्याचा हिशेब आपण ठेवायचा आहे.

मंगळवेढ्याचे नाव वर आले, म्हणून शेवटी तेथलीच एक कथा सांगतो. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबाराय इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. नामदेवराय अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात सगळ्यांचीच हाडे एक झाली होती. तेव्हा नामदेवरायांनी एकेक अस्थी उचलून कानाशी लावली. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले तीच त्यांनी पंढरीस नेली, आणि आज आपण महाद्वारी नामदेव पायरीपाशी चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकतो.

वारकऱ्याने पुढे काय न्यावे, याचा धडा मला या कथेत दिसतो. जे हाती आले ते नामदेवरायांनी झोळीत भरले नाही. आधी कान लावला. आपणही तसाच कान लावावा. यात द्वेष ऐकू येतो, भय ऐकू येते, की विठ्ठल ऐकू येतो? शेवट कापलेला तर नाही? ज्याच्याविषयी हे आहे, तो दारी येऊन उभा राहिला तर त्याच्या तोंडावर मी हे म्हणेन काय? आणि दारी येणारा परका हाच आपला पांडुरंग, हे शिकवणाऱ्या संतांचे आपण म्हणवतो, याचीही आठवण ठेवावी.

टाळकऱ्याला मी पुढच्या एकादशीस एवढेच सांगितले: "रचणाऱ्याचं पाप मोठं, मारणाऱ्याचं त्याहून मोठं. पण तुमचा वाटा शून्य नाही. ज्या ज्या घरी खोटं धाडलंत, त्या त्या घरी 'ते खोटं होतं, मी चुकलो' असं धाडा. आणि दूधवाल्याच्या दारी स्वतः जा."

तो गेला. दूधवाल्याने त्याला बसायला घोंगडी दिली, पण बोलला थोडे. आता टाळकरी रोज सकाळी तांब्या घेऊन त्याच्याच दारी उभा राहतो, गावाच्या देखत. गिऱ्हाइके अजून सगळी परतली नाहीत. गेलेला शब्द आणायला वेळ लागतो.

रामकृष्णहरी.