समदुःखाचं जॉइंट खातं

दुसऱ्यालाही आपलाच आजार आहे हे कळल्यावर आनंद होणं, हे पाप की पुण्य? प्रश्न खरा कीर्तनकाराला विचारण्यासारखा. पण आमच्या आष्टीच्या कीर्तनकारबुवांना केरॅटोकोनस नाही, मला आहे. तेव्हा उत्तर शोधायची जबाबदारी एका बी. कॉम. बँक कारकुनावर येऊन पडली आहे.

आधी आजाराची ओळख. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. काही जणांचा हा पडदा ऐन उमेदीच्या वयात पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज डॉक्टराने 1854 साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे पुढे या शंकूला चष्मा दाद देत नाही, कडक लेन्स घालावी लागते. एका वस्तूच्या तीन-चार दिसतात. कोजागिरीला गाव एका चंद्रावर दूध आटवतं, माझ्याकडे पाच असतात. कॉलेजात मी डबल एन्ट्री शिकलो, डोळे त्याच्याही पुढे गेले.

सही पडताळायला डोळे बारीक केले की काउंटरपलीकडून आवाज येतो, "काहून जी सायेब, मायावर भरोसा नाही का?" भरोसा त्याच्यावर आहे हो, माझ्या कॉर्नियावर नाही! पण सांगणार कसं? डोळा बाहेरून ठणठणीत दिसतो. लंगडणाऱ्याला लोक जागा देतात, आम्हाला सल्ला देतात. गाजर खा, दवावर चाला. सौभाग्यवती म्हणते, "तांदळातला खडा दिसत नाही, भजी बरोबर दिसतात!"

अशात एकदा आर्वी-वर्धा करत सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचलो. बाकावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "रात्री समोरून ट्रक आला की..." मी म्हटलं, "दिव्यांचे झाडू होतात!" आणि आम्ही दोघं खो खो हसलो. एवढा आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. (बढती झाली नाही, हा भाग निराळा.)

या आनंदाचं मी घरी येऊन ऑडिट केलं. दुःख वाटल्याने कमी होतं म्हणतात, ते हिशेबात बसत नाही. दोघांचे मिळून चार डोळे आजारी, त्यातून एकही वजा होत नाही. वजा होतं ते आजार सिद्ध करत बसण्याचं ओझं. पुराव्याशिवाय विश्वास ठेवणारा माणूस भेटला, आनंद त्याचा होता.

तरीही तो स्वार्थच म्हणावा लागला असता. पण बाकावर सतरा वर्षांचा एक पोरगा होता आणि शेजारी पदराने डोळे पुसणारी त्याची आई. क्रॉसलिंकिंग नावाचा एक उपाय आहे, जर्मनीत ड्रेस्डेनला 1990 च्या दशकात निघालेला. डोळ्यात बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण सोडतात. त्याने पडद्याचे तंतू बळकट होतात आणि बहुतेकांचा आजार तिथेच थांबतो. गेलेली नजर मात्र सहसा परत येत नाही. माझ्या विशीत हा उपाय आमच्याकडे पोचला नव्हता, पोराच्या वेळी पोचला होता. डॉक्टरांनी मायमाउलीला सगळं नीट समजावलं होतं. तरी तिने आम्हालाच विचारलं, "आंधया तं नाही होनार ना जी?"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "माय, माह्याकडे पाय. पंचवीस वर्षं झाली. बोर्ड विचारून यष्टीत चढतो, पन एकटा येतो."

बाईंनी पदर खाली घेतला. डॉक्टरांनी दिली ती माहिती होती, हा चालताबोलता पुरावा होता. "काळजी करू नका" कोणीही म्हणतो. "माझ्याकडे पहा" म्हणायला तोच आजार असावा लागतो.

तेव्हा माझा निकाल असा : समदुःखी भेटल्याचा आनंद आपल्याच खात्यात ठेवला तर तो स्वार्थ, पुढच्याच्या नावे वळता केला तर पुण्य. आणि या व्यवहारात देणाऱ्याची शिल्लक कमी होत नाही. आमच्या बँकेत अशी योजना अजून आलेली नाही.