बंदुकीची किल्ली कुणाकडे?

आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीवर तीन गोष्टी होत्या. दत्ताची तसबीर, पतसंस्थेचं कॅलेंडर आणि दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली बारा बोअरची एकनळी बंदूक. कणकवलीकडच्या घरांत यात कुणाला काही विशेष वाटत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, ते गेल्यावर रीतसर अर्ज-विनंत्या होऊन बाबांच्या नावावर झाला. रानडुकरं भातात उतरली की बाबा रात्री पडवीतून एक बार काढतात. डुक्कर मरत नाही, मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आवाजाने कळप पळतो, एवढंच काम. लहानपणी मला ती बंदूक सिलिंग फॅनसारखी वाटायची. घरात असते, वरती असते, आपण हात लावत नाही.

२०२३च्या मे महिन्यात भावाचा मुलगा डोंबिवलीहून आला होता. सात वर्षांचा. एका दुपारी तो अंगणात काहीतरी आकाशात उडवून झेलत होता आणि तोंडाने रॉकेटचा आवाज काढत होता. ते लाल प्लॅस्टिकचं, पितळी बुडाचं काडतूस होतं. फडताळातल्या बिस्किटाच्या डब्यातून त्याने ते काढलं होतं. आईने धावत जाऊन ते हातातून घेतलं, एक धपाटा घातला, आणि डबा वरच्या फळीवर गेला. संध्याकाळी चहा पिताना आम्ही त्या रॉकेटवर हसलो. मीही हसले. ते हसणं मला आता जास्त आठवतं.

बाबांचं म्हणणं असं, की पोरांना शिकवलं पाहिजे. आम्हाला शिकवलं होतं, आम्ही कधी हात लावला? हा युक्तिवाद मला बरीच वर्षं पटायचा. मग २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचलं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना एका खोलीत सोडलं, ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं आणि एकतर्फी आरशातून पाहिलं. ज्या गटांना ते सापडलं त्यातल्या बहुतेक गटांतल्या मुलांनी ते हाताळलं, काहींनी चापही ओढला. आणि ज्यांनी हे केलं त्यातल्या बहुसंख्य मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे आधीच मिळालेले होते. ती पोरं वाईट नव्हती, वांडही नव्हती. सात-आठ वर्षांच्या मुलाला सूचना पाठ असते आणि तरीही हात पुढे जातो. आम्ही हात लावला नाही तो शिकवणुकीमुळे, की खुंटी उंच होती म्हणून, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

त्या नोव्हेंबरात आई गेली. बाबा घरात एकटे राहिले.

पुढच्या मार्चच्या १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बाबांना बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस आली. कोकणात दर निवडणुकीला यावरून कुरकुर असते. काजू आणि आंब्याचा ऐन हंगाम, वानरं बागेत, आणि बंदूक पोलिसांच्या खोलीत चिठ्ठी लावून उभी. बाबा फोनवर चिडचिड करत होते. मी हो हो म्हणत होते. फोन ठेवला आणि जाणवलं की मला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, आई गेल्यापासून पहिल्यांदा मी सलग रात्रभर झोपले. का, ते स्वतःशीसुद्धा स्पष्ट शब्दांत म्हणायला मला आठवडा लागला. मला भाच्याची भीती नव्हती, चोराचीही नव्हती. भीती बाबांची होती. म्हणजे बाबांसाठी होती.

आचारसंहिता उठली, जूनमध्ये बंदूक घरी आली, आणि प्रश्न माझ्यासमोर आला. ज्या माणसाने मला वाढवलं, ज्याने चाळीस वर्षांत त्या हत्याराशी एकही चूक केली नाही, त्याला मी ‘ही कुलपात ठेवा’ असं कुठल्या अधिकाराने सांगायचं? आणि खरं कारण सांगायचं की भाच्याच्या आडून बोलायचं?

मी भाच्याच्या आडून बोलले. तेव्हा ते सोपं होतं.

बाबांची बाजू कमकुवत नव्हती हे मान्य करायला हवं. ‘डुकर काय मी कुलूप उघडीसर थांबतलो?’ एवढंच ते म्हणाले. जी वस्तू गरजेच्या क्षणी हाताशी नाही ती असून नसल्यासारखी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात जवळपास हेच म्हटलं होतं. वॉशिंग्टन शहराचा कायदा होता की घरातली बंदूक रिकामी करून, सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवायची. अशाने घरात स्वसंरक्षण अशक्य होतं, म्हणून न्यायालयाने ती अट रद्द केली. माझ्या बाबांनी त्या न्यायाधीशांचं नावही ऐकलेलं नाही, पण दोघांची पडवी एकच. फरक एवढाच की बाबांच्या अंगणात येतो तो डुक्कर, आणि उशीर झाला तर जातं ते भात. तिथे जातो तो जीव, असं तिथले लोक म्हणतात. मी तो वाद इथे सोडवणार नाही, कारण आमच्या घरचा हिशोब भाताचा होता. भातासाठी पाच मिनिटं उशीर परवडतो, असं मला पुण्यात बसून वाटत होतं. पुण्यात बसून पुष्कळ काही परवडतं.

पण कुलपाविरुद्धचा दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. तो अपमानाचा. आपल्याकडे घरातल्या माणसापासून कुलूप लावणं म्हणजे त्याला चोर ठरवणं. कपाटाच्या लॉकरला किल्ली असते, आणि ती कुठे असते ते सगळ्या घराला माहीत असतं. देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, आईच्या साडीच्या घडीत. आपलं कुलूप बाहेरच्यांसाठी असतं. घरच्यांसाठी विश्वास असतो.

या विश्वास शब्दापाशी मी बरेच दिवस अडकले. माणसावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याच्या प्रत्येक क्षणावर विश्वास ठेवणं का? मी बाबांना आयुष्यभर ओळखते. पण मी ओळखते ते सकाळी सातला चहा घेणारे, बँकेच्या पासबुकावर सही जुळवणारे बाबा. पहाटे तीनला रिकाम्या माजघरात बसलेले बाबा मी पाहिलेले नाहीत. त्यांनीही कदाचित आधी पाहिलेले नाहीत. त्या माणसाबद्दल हमी देणं हा विश्वास नाही, ती बेफिकिरी आहे. आणि ही हमी मी स्वतःबद्दलही देऊ शकत नाही.

अशा वाईट वेळा बहुधा लांबत नाहीत, हे या विषयावर काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. त्या तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. इस्रायली सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर न्यायचे. २००६ साली लष्कराने ती तळावरच ठेवायला लावली. त्या सैन्यातल्या आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि घट झाली ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांत. कुणाचं दुःख कमी केलं नव्हतं, कुणाला उपदेश केला नव्हता. वस्तू आणि माणूस यांच्यातलं अंतर वाढवलं होतं, बस.

म्हणजे मग लोखंडी पेटी आणली की झालं? मलाही तसंच वाटलं होतं. पण श्रीलंकेत ग्रामीण भागात हजारो घरांना कीटकनाशकं ठेवायला कुलूपबंद पेट्या वाटल्या होत्या, खूप मोठा प्रयोग. २०१७ साली निष्कर्ष आला की विषप्राशनाच्या घटनांत काही फरक पडला नाही. याच देशात सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर मात्र आत्महत्यांचं प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्मं झालं होतं. पेट्यांनी का साधलं नाही याची कारणं अभ्यासकांनी सांगितली असतील. माझ्या मनात पहिली आली ती आमच्या घरातली. पेटीला किल्ली असते, आणि किल्ली त्याच घरात असते.

चोर आणि मूल यांच्यासाठी कुलूप पुरतं. स्वतःच्या वाईट वेळेसाठी नुसतं कुलूप पुरत नाही, किल्ली दुसऱ्याकडे लागते. आणि इथे आपल्याकडच्या दोन जुन्या गोष्टी मला आठवल्या.

एक सगळ्यांना ठाऊक आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली. दसऱ्याला आपण सोनं वाटतो तेव्हा ही गोष्ट सांगतो, पण एक तपशील गाळतो. झाडाकडे कुणी फिरकू नये म्हणून त्यांनी तिथे एक प्रेत बांधलं, आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीत आहे. जगातली सर्वांत भयंकर शस्त्रं, आणि त्यांची तिजोरी कसली, तर माणसाला वाटणाऱ्या किळसेची आणि भीतीची. शस्त्रं गावाबाहेर, झाडावर, मालकांच्याही हातापासून लांब. वर्षभर अपमान सोसला, पण ती खाली आली नाहीत.

दुसरी गोष्ट वाल्मीकीच्या अरण्यकांडात आहे आणि ती सीता रामाला सांगते. एका तपस्व्याचं तप मोडायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि एक तलवार ठेव म्हणून त्याच्याकडे सोपवून गेला. दुसऱ्याची ठेव, ती हरवता कामा नये, म्हणून तो सज्जन माणूस ती सतत जवळ बाळगू लागला. कंदमुळं आणायला निघाला तरी तलवार बरोबर. हळूहळू त्याचं मन बदललं, तो हिंसक झाला आणि शेवटी नरकात गेला. सीतेला रामाला सांगायचं होतं ते वेगळं, वैर नसताना राक्षसांना मारू नकोस असं. पण मला या गोष्टीत भिडतं ते हे, की तपस्व्याची चूक निष्काळजीपणाची नव्हती. त्याने ठेव फारच नीट सांभाळली. डोळ्यांसमोरून हलू दिली नाही. सांभाळणं म्हणजे जवळ ठेवणं, असं त्याने धरलं. आमच्या घरीही तेच धरलं होतं. बंदूक माजघरात, सगळ्यांच्या नजरेसमोर, म्हणून सुरक्षित.

२०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण आणलं, हे चांगलं झालं. पण बाप एकटा आहे आणि किल्ली मागायची आहे, यासाठी कुठल्याच नियमांत कलम नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी मी गावी गेले. पेटी आणली होती, जाड पत्र्याची, भिंतीला आतून बोल्ट मारायची. एकनळी बंदूक पुढचा लाकडी भाग काढला की नळी आणि दस्ता अशी सुटी होते. तशी सुटी करून बाबांनीच ती आत ठेवली. काडतुसांचा डबा वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. इथवर ठीक झालं. मग मी म्हटलं, ‘काडतुसांची किल्ली शेजारच्या काकीकडे देऊया?’

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माका येड लागतला असा वाटता तुका?’

भाच्याची ढाल इथे चालणार नव्हती. मी म्हटलं, ‘नाही. पण आई गेल्यावर मला पुण्यात सहा महिने झोप नव्हती. आणि माझ्या घरी बंदूक नाही, म्हणून मी कुणाला किल्ली दिली नाही.’ हे मी ठरवून बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, आई गेल्यानंतर आम्ही तिच्याबद्दल बोललो ते त्या रात्री पहिल्यांदा, आणि सुरुवात किल्लीवरून झाली. एकटं वाटतं का, असं मी सरळ विचारलं, त्यांनीही सरळ सांगितलं. बंदुकीचा विषय बाजूलाच राहिला.

सकाळी उठून त्यांनी स्वतः काकीकडे किल्ली नेऊन दिली. काय सांगून दिली ते मला माहीत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी डुकरं आली. बाबा काकीच्या दारात गेले, काकी उठेपर्यंत, किल्ली सापडेपर्यंत कळप भात तुडवून गेला होता. ‘चार गुंठे गेले,’ एवढंच फोनवर सांगितलं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. चार गुंठे म्हणजे किती पोती, हा हिशोब त्यांनी मला ऐकवला नाही, मी विचारलाही नाही. नंतर त्यांनी शेताच्या त्या अंगाला पत्र्याचे डबे बांधले, आणि भावाने रात्रभर लुकलुकणारा सौर दिवा पाठवला. दिव्याला डुकरं दोन आठवड्यांत सरावली.

दसऱ्याला मी घरी होते. बाबांनी बंदूक काढून जोडली, तेलाचा बोळा फिरवला, कोयता-कुदळीशेजारी पाटावर ठेवून झेंडू वाहिला. काडतुसं काढली नव्हती. पूजा झाल्यावर बंदूक सुटी करून पेटीत गेली. पेटीची किल्ली अजून त्यांच्याकडेच असते, ती मी मागितलेली नाही. ती ते कुठे ठेवतात हे मला कळू नये म्हणून मी पाठ फिरवून दत्ताच्या तसबिरीचा हार सारखा करत उभी राहिले. मागे फडताळाचं दार करकरलं, की तांदळाच्या डब्याचं झाकण, ओळखता आलं नाही. तीन दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली.